तात्पुरता क्रमांक

हीउमा बेटावर उतरले तेव्हा समुद्र गोठला होता,
आणि सगळ्यात आधी त्यांनी काढून घेतली माझी शाल.

राग मानू नकोस, हेल्वे म्हणाली,
लोकरीचं काही तपासल्याशिवाय आत नेत नाही आम्ही.
मग प्लॅस्टिकची पिशवी, हवा दाबून काढलेली,
चिकटपट्टी, दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल:
ता. १७.
तारीख नव्हे, तात्पुरती.
उणे तीस अंशांत चौदा दिवस झोपली माझी शाल
दोन घोंगड्या आणि एका पाद्र्याच्या मोज्यांशेजारी.

बाहेर उणे अठरा.
बॉयलर सांभाळणारा आइवार म्हणाला,
खिडक्या उघड्या टाकल्या तरी भागेल,
पण विजेचं बिल मंजूर झालंय, वापरून घेऊ.

देवाणघेवाण, असं नाव होतं कार्यक्रमाचं.
लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची नावं
पाढ्यांसारखी म्हणणारा सेनेगलचा बाबाकार,
कातड्यावरचं मीठ जिभेने ओळखणारी
(त्यासाठी दोनदा समज मिळालेली) बोलिव्हियाची नाइरा,
आणि मी, कापड.
तिघांचं इंग्रजी तीन ठिकाणी फाटलेलं,
हेल्वेचं चौथ्या.
तरी बुरशी म्हटलं की चार नाकं एकदमच आक्रसायची.

मी त्यांना एक शब्द दिला: कसर.
लोकर खाते ती कसर,
कमी पडतं तीही कसरच.
हेल्वेने तो वहीत उतरवला, तिच्या लिपीत, दोनदा खोडून,
आणि विचारलं, आधी कुठली?
खाणारी, की राहिलेली?
मला सांगता आलं नाही.
आमच्याकडे ती भरूनही काढतात, एवढंच म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात माझ्यासमोर आला एक हातमोजा.
करडा, मनगटाशी लाल नागमोडी.
जुनी नोंद: जोडी, अपूर्ण.
मी लिहिलं: स्थिती उत्तम. गहाळ, एक.
हेल्वेने पेन्सिलीने 'गहाळ' खोडलं.
दुसरा विणलाच नाही, म्हणाली.
होडी परत येणार नाही हे कळलं
तेव्हा बाई अंगठ्यापर्यंत पोचली होती.
तिने सुया काढल्या, उसवलं, गुंडा केला.
त्या लोकरीचे मुलाला पायमोजे झाले.
ते झिजले. झिजण्यासाठीच होते.

मग काय लिहू?
लिही, एक.

पंधराव्या दिवशी शाल बाहेर आली.
आणखी एक दिवस पिशवीतच. घाई केली की दव धरतं.
मग टेबलावर पसरून हेल्वेने भिंग लावलं,
मी शेजारी, तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी.
काठाजवळ, तांदळाच्या दाण्याएवढं,
रफू.
उभा धागा, आडवा धागा, रंग किंचित चुकलेला.
वीस वर्षं पांघरतेय मी ही शाल. मला माहीत नव्हतं.

कुणाचा हात? तिने विचारलं,
आम्ही विचारतो तसंच: काळ, ठिकाण, कर्ता.
आमच्या घरात सुई फक्त वडील धरायचे.
तारखात्यात होते, बारीक कामाची सवय.
मी हॉस्टेलला निघाले तेव्हा
त्यांनीच ती बॅगेत कोंबली होती,
रिक्षा उभी आहे, एवढंच बोलून.
बहुधा, मी म्हणाले.
हेल्वेने लिहिलं: वडील, बहुधा.
मग भिंगावरून डोळा न काढता,
टाके एकसारखे आहेत. माणूस घाईत नव्हता.

शेवटी फॉर्म भरायचा होता. काय दिलं, काय घेतलं.
नाइराचा दुसरा रकाना पाठपोट चालला.
मी पहिल्यात लिहिलं, एक शब्द.
दुसऱ्यात पेन टेकवलं, उचललं.

आइवारने गाडी गोठलेल्या समुद्रावर घातली.
पट्टा सोड, म्हणाला, इथे बांधायचा नसतो,
बर्फ खचला तर उडी मारता यायला हवी.
तेवढा सगळा रस्ता मी मोकळी बसले
शाल घट्ट धरून.
काठाला ते लेबल अजून लटकत होतं.
कात्री होती माझ्यापाशी.